कासव घरी आले, आता पहिले दोन महिने काय करायचे?

सुपारी आमच्याकडे आली ती मार्चमधल्या एका पावसाळी संध्याकाळी. तीन वर्षांची, १४६ ग्रॅम वजनाची, बुटाच्या खोक्यात फाडलेल्या कागदांवर डोके-पाय आत ओढून बसलेली. इतक्या लहान वयात नर की मादी हे नक्की सांगता येत नाही; नावामुळे ती आमच्यासाठी ‘ती’ झाली. आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहतो. सांगलीहून आई व्हिडिओ कॉलवर होती. तिने खोक्यात डोकावून पाहिले आणि म्हणाली, “अगं, पाण्यात सोड ना तिला, किती कोरडी पडलीय बिचारी!”

आईची चूक नव्हती. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते ते कासव, विहिरीत सोडलेले असते तेही कासव, आणि जन्मात कधी पोहत नाही ते रानातले, तेही कासवच. आपल्याकडे शब्द एकच. म्हणून पहिली पायरी हीच, की आपल्या हातात नेमके कोणते कासव आहे ते ओळखायचे. घुमटासारखे उंच कवच आणि हत्तीच्या पायांसारखे खांबट पाय असतील तर ते जमिनीवरचे. कवच चपटे आणि बोटांमध्ये पडदे असतील तर पाण्यातले. जमिनीवरचे कासव खोल पाण्यात सोडले तर ते बुडून मरते. दुकानात काचेच्या पेटीत पोहत असलेले, कानाजवळ लाल पट्टा असलेले हिरवे पिल्लू हा वेगळाच प्राणी आहे. त्याला या लेखातले फारसे काही लागू पडणार नाही.

सुपारी हर्मन जातीची आहे. स्पेन-फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यापासून इटली आणि बाल्कन देशांपर्यंतच्या उन्हाळ, खडकाळ, झुडपी माळावरचे हे कासव. मोठे झाले तरी साधारण १५ ते २० सेंटीमीटर लांब, आणि नीट सांभाळले तर ५० वर्षांहून अधिक जगणारे. खाली लिहिले आहे ते मुख्यतः तिच्यासारख्या कासवांसाठी.

आणण्याआधी कागदपत्रे

ब्रिटनमध्ये हर्मन, ग्रीक आणि मार्जिनेटेड या जातींच्या कासवाची विक्री ‘आर्टिकल १०’ प्रमाणपत्राशिवाय करता येत नाही. पोटाकडच्या कवचाची लांबी ६० मिलिमीटरहून जास्त असेल तर अंगात मायक्रोचिप हवी, आणि तिचा क्रमांक प्रमाणपत्रावर हवा. विकणारा “कागद नंतर पाठवतो” म्हणाला तर तिथूनच परत फिरा. हॉर्सफील्ड जातीला हे प्रमाणपत्र लागत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी हा भाग जास्त महत्त्वाचा आहे. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले स्टार कासव घरात पाळणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे. लक्ष्मी येते म्हणून, वास्तूसाठी शुभ म्हणून ते विकले जाते, आणि त्यातली कितीतरी पिल्ले पोत्यांत, मोज्यांत कोंबून नेताना मरतात. असे कासव कोणी तुम्हाला भेट दिले असेल तर महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. ते येईपर्यंत हवा खेळेल अशा खोक्यात, सावलीत, शांत ठेवा. स्वतः जाऊन शेतात किंवा तळ्यात सोडू नका. ते मूळचे कुठले, त्याला कोणता आजार आहे, हे आपल्याला माहीत नसते. परदेशी जातींचीही भारतात आता नोंदणी करावी लागते. त्यासाठी २०२४ चे नियम आहेत आणि नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते.

घर आधी, कासव नंतर

मी सगळ्यात जास्त जागा या भागाला देणार आहे, कारण कासव रुळते की नाही हे नव्वद टक्के इथेच ठरते. कासव थंड रक्ताचे. ऊब बाहेरून मिळाली नाही तर त्याला भूक लागत नाही, खाल्लेले पचत नाही, आजाराशी झुंजता येत नाही. कासव घरी आणून मग दिवा मागवणे म्हणजे त्याला आठवडाभर उपाशी ठेवणे. सगळे मांडून, दोन दिवस चालू ठेवून, तापमान मोजून झाले की मगच त्याला आणायला निघा.

काचेची पेटी नको. कासवाला काच कळत नाही. पलीकडे दिसते तिथे जाता का येत नाही म्हणून ते तासन् तास काचेला धडका देत राहते. वरून उघडी, चारही बाजूंनी अपारदर्शक अशी लाकडी पेटी उत्तम. इकडे तिला टॉर्टॉइज टेबल म्हणतात. लहान कासवाला निदान १२० बाय ६० सेंटीमीटर जागा हवी. आम्ही जुने पुस्तकांचे कपाट पाठीवर आडवे टाकले, मधल्या फळ्या काढल्या, आत तळ्यासाठी वापरतात तो जाड प्लास्टिकचा कागद अंथरला. खर्च जवळजवळ शून्य. कडा इतक्या उंच हव्यात की कासव मागच्या पायांवर उभे राहिले तरी पुढचे पाय वर पोहोचू नयेत. कासवे चढतात. पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही, पण चढतात.

आत माती घालायची. बागेची साधी, खत-कीटकनाशक नसलेली माती आणि मुलांच्या खेळण्याची धुतलेली वाळू निम्मीनिम्मी मिसळून आठ-दहा सेंटीमीटरचा थर द्या, म्हणजे कासवाला अंग पुरून घेता येते. नुसती वाळू नको, ती तोंडात-डोळ्यांत जाते. लाकडाचा भुसाही नको. खालचा थर किंचित ओलसर आणि वरचा कोरडा असावा. पूर्वी “वाळवंटातला प्राणी, कोरडेच ठेवा” असे सांगत, आणि त्यामुळे पिढ्यान् पिढ्या कासवांच्या पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे आले. सुल्काटा जातीच्या पिल्लांवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या कवचावर हे उंचवटे अधिक दिसले. लहान कासव मातीत पुरून घेते तेव्हा तिथला ओलावाच त्याला हवा असतो. मात्र ओल आणि थंडी एकत्र आली तर फुप्फुसाचा संसर्ग ठरलेला. ओल हवी तर ऊबही हवी.

आता दिवे. कासवाला दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि दुकानात त्यांची नेहमी गल्लत होते.

पहिली ऊब. पेटीच्या एका टोकाला, वरून खाली झोत टाकणारा हॅलोजन दिवा. त्याच्याखाली चपटी फरशी ठेवा. तिथे कासवाच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सियस तापमान आले पाहिजे. दुसरे टोक २० ते २२ अंशांवर राहू द्या. दोन्ही टोके सारखीच तापवू नका; ऊन की सावली, हे कासवाला स्वतः ठरवता आले पाहिजे, तो त्याचा जन्माचा उद्योग आहे. दिवा साखळीने टांगा, होल्डर चिनी मातीचा वापरा, आणि थर्मोस्टॅट जोडा. खालून तापणारी चटई किंवा गरम होणारा कृत्रिम दगड घेऊ नका. कासवाच्या शरीराची घडण वरून येणाऱ्या उन्हासाठी आहे. खालून पोट भाजत असले तरी ते वेळेवर उठत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे अतिनील किरण, यूव्हीबी. हे किरण कातडीवर पडले की ड जीवनसत्त्व तयार होते, आणि ते असेल तरच खाल्लेले कॅल्शियम हाडांत आणि कवचात जाते. नसेल तर कासवाला मुडदूस होतो: कवच बोटाने दाबले तर दबते, पाय वाकतात, चालताना पोट घासते. लहान मुलांचा मुडदूस ज्या कारणाने होतो तेच हे कारण. यासाठी टी-फाइव्ह प्रकारची लांब ट्यूब घ्या आणि ती हॅलोजनच्या शेजारीच लावा, म्हणजे ऊब आणि किरण एकाच जागी मिळतात, जसे उन्हात मिळतात. कंपनीने सांगितलेले अंतर फूटपट्टीने मोजून पाळा. मध्ये काच किंवा प्लास्टिक असेल तर हे किरण जवळजवळ अडतात, म्हणून खिडकीतून येणारे ऊन उबेला चालेल, हाडांना नाही. ट्यूब वर्षाने बदला. तिचा उजेड दिसत राहतो, पण किरण कमी होत जातात.

दिवे टायमरवर, १२ ते १३ तास. रात्री पूर्ण अंधार. मला एका दुकानात रात्रीसाठी लाल दिवा दिला होता, “कासवाला लाल दिसत नाही” असे सांगून. कासवाला लाल उत्तम दिसते. जास्वंदीच्या फुलावर ते कसे झेपावते ते पाहिले की पटेल. सुपारी पहिल्या तीन रात्री त्या लाल उजेडात जागी होती. घराचे तापमान रात्री १५ अंशांच्या वर राहत असेल तर हर्मनला वेगळी ऊब लागत नाही.

शेवटी आडोसा. उबदार टोकाला एक आणि थंड टोकाला एक, असे दोन. मातीची कुंडी आडवी अर्धी पुरली की झाले. आणि कुंडीखाली ठेवतो ती उथळ मातीची बशी पाण्यासाठी.

आणायचा दिवस

सकाळी आणा. संध्याकाळी आणलेले कासव अंधारात, थंडीत, अनोळखी वासात जाऊन पडते. आमचे तसेच झाले. सकाळी आणले तर त्याला दिवसभराची ऊब मिळते. प्रवासात कासव बसेल एवढेच खोके घ्या, मोठे नको, नाहीतर ते आत आपटत राहते. गाडीतल्या हीटरच्या झोतासमोर ठेवू नका.

निघण्यापूर्वी आधीच्या मालकाला विचारायचे ते विचारून घ्या: काय खाते, किती वाजता खाते, शेवटचे कधी खाल्ले, कधी थंडीत झोपवले होते का, दुसऱ्या कासवांसोबत होते का. जमल्यास त्याच्या जुन्या घरातली मूठभर माती मागून आणा आणि आडोशात टाका. ओळखीचा वास सोबत असतो.

घरी आल्यावर वजन करा, ते वहीत लिहा, मग वीस मिनिटे कोमट पाण्यात बसवा. पसरट टबात २८ ते ३० अंशांचे पाणी, हनुवटीच्या खाली राहील इतके उथळ. प्रवासाने तहानलेले कासव मान खाली घालून मोठमोठे घोट घेते. पाण्यात पांढरे काहीतरी सोडेल, घाबरू नका. ते मूत्रातले क्षार. टूथपेस्टसारखे मऊ असेल तर ठीक. बोटांना रवाळ लागले तर अंगात पाणी कमी आहे, रोज पाण्यात बसवा.

पुसा, दिव्याखालच्या फरशीजवळ ठेवा, आणि खोलीतून बाहेर जा.

पहिले दोन आठवडे: बघायचे, धरायचे नाही

आपल्या संतवाङ्मयात कासवीची दृष्टी फिरून फिरून येते. कासवी पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते, असा तो जुना समज. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तो खरा नाही. कासवीण अंडी पुरून निघून जाते. पण कासव पाळणाऱ्या माणसासाठी याहून चांगली सूचना मला सापडलेली नाही. या दिवसांत तुमचे प्रेम डोळ्यांतून जाऊ द्या, हातांतून नको.

उचलणे म्हणजे कासवाच्या लेखी काय? जमीन पायाखालून गेली, म्हणजे कावळ्याने किंवा कोल्ह्याने धरले. ते ओरडत नाही, चावत नाही, म्हणून आपल्याला वाटते त्याला चालते. सुपारी आल्यानंतर दहाव्या दिवशी गुढीपाडवा होता. आठ-दहा माणसे जेवायला, मुले वेगळी. ती तेव्हा कुठे खायला लागली होती. मी तिला बाहेर काढले, ती हातोहात फिरली, फोटो निघाले. त्यानंतर अकरा दिवस तिने पानाला तोंड लावले नाही. ते अकरा दिवस मी विसरलेली नाही, आणि हा लेख लिहायचे खरे कारणही तेच आहे.

मग पहिल्या दिवसांत काय दिसेल? बहुतेक कासवे दोनपैकी एक करतात. काही मातीत पुरून घेतात आणि दोन-तीन दिवस वर येत नाहीत. काही उलट भिंतीच्या कडेने चकरा मारतात, कोपऱ्यात चढू पाहतात, दिवसभर. दोन्ही ठीक आहे. चकरा मारणारे कासव जागेची सीमा शोधते आहे. आठवड्याभराने थांबते. नाही थांबले तर पेटी लहान आहे किंवा आडोसा कमी आहे असे समजा. भिंतींच्या कडेला झुडपी रोपे, दगड ठेवून सरळ रस्ता मोडून टाका.

रोज सकाळी दिवे लागल्यावर तासाभराने, कासव तापले की, ताजी पाने फरशीवर ठेवा आणि निघून जा. संध्याकाळी उरलेले उचला. खाल्ले नाही तर पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. निरोगी, वाढलेले कासव आठ-दहा दिवस कमी खाऊन काढू शकते. पण अगदी लहान पिल्लाने तीन-चार दिवसांत काहीच घेतले नाही तर डॉक्टरांना विचारा. पुरून बसलेल्या कासवाला पहिले दोन दिवस उकरू नका. तिसऱ्या दिवशी हळूच काढून कोमट पाण्यात बसवा, मग दिव्याखाली ठेवा.

न खाण्याचे कारण शोधताना आधी थर्मामीटरकडे बघा. माझ्या अनुभवात आणि इथल्या ओळखीच्या कासवपाळ्यांच्या अनुभवात, दहातली सात-आठ “खात नाही” प्रकरणे ही “पुरेसे गरम नाही” प्रकरणे असतात.

थांबायचे नाही अशा खुणा मात्र लक्षात ठेवा: नाकातून फुगे, सुजलेले किंवा बंद डोळे, मान लांब करून उघड्या तोंडाने श्वास, मऊ पडलेले कवच, एक पाय ओढत चालणे, उचलल्यावर अंग आत न घेता पाय लोंबते राहणे. यातले एकही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर.

ताटात काय वाढायचे

हर्मन कासव शाकाहारी, आणि तेही गरीब माळावरच्या तणांवर वाढणारे. त्याला हवा चोथा आणि कॅल्शियम. साखर आणि प्रथिने जवळजवळ नकोत. आपल्या प्रेमाची रीत नेमकी उलटी असते. आपण त्याच्यापुढे केळे, आंब्याची फोड, काकडी, टोमॅटो, भिजवलेली डाळ, पोळीचा तुकडा ठेवतो. ते चवीने खातेही. फळांतल्या साखरेने त्याच्या आतड्यांतले चोथा पचवणारे जंतू बिघडतात आणि जुलाब लागतात. डाळी-पोळीने वाढ भरभर होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. पालकात ऑक्झॅलेट भरपूर, ते कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून पालक नको. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे पाणी. कुत्र्या-मांजरांचे खाणे तर अजिबात नको.

मग काय द्यायचे? इंग्लंडमध्ये फुकट मिळते ते सगळ्यात चांगले: डँडेलियनची पाने आणि फुले, सो-थिसल, आणि रस्त्याकडेला उगवणारे प्लँटेन. हे प्लँटेन म्हणजे केळे नव्हे. ज्याच्या बियांचे इसबगोल होते त्याच कुळातले हे तण आहे, पानांवर समांतर शिरा असलेले. क्लोव्हर थोडे. तुतीची पाने उत्तम. जास्वंदीची पाने आणि फुले, फड्या निवडुंगाचे काटे काढलेले तुकडे, गुलाबाच्या फवारणी न केलेल्या पाकळ्या. कुत्री फिरवतात त्या पायवाटेवरचे किंवा औषध मारलेल्या हिरवळीवरचे काही तोडू नका. हिवाळ्यात तणे मिळेनाशी झाली की बाजारातल्या वॉटरक्रेस, रॉकेट, लॅम्ब्स लेट्यूस या पालेभाज्या आलटूनपालटून द्या. आम्ही आता कुंड्यांतच डँडेलियन लावतो. शेजारी उपटून टाकतात ते आम्ही पाणी घालून वाढवतो.

साधारण कासवाच्या पाठीएवढा ढीग, रोज एकदा. आठवड्यातून चार-पाच वेळा पानांवर फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची भुकटी चिमूटभर भुरभुरवा. आणि एका कोपऱ्यात समुद्रफेण ठेवून द्या, तोच, आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तो. कासव गरजेप्रमाणे चावते, आणि चोचही घासली जाते.

वही, काटा, टब

कासव दुखणे लपवते. त्याचा चेहरा बदलत नाही, त्यामुळे आकडेच बोलतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा त्याच्यासाठी वेगळा ठेवा. दर रविवारी, पाण्यात बसवण्याआधी वजन. पहिल्या दोन आठवड्यांत थोडे खाली जाते, पुढे सपाट होते, मग महिन्याला काही ग्रॅमने हळूहळू वाढते. भरभर वाढ हे चांगले लक्षण नाही. लागोपाठ तीन आठवडे घट मात्र गंभीर.

कोमट पाणी: वर्षाच्या आतल्या पिल्लाला रोज, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा. टब वेगळा, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीही नाही. कासवाच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. त्याला काही होत नाही, आपल्याला होते. हात साबणाने धुणे सक्तीचे, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात कासव देऊ नका. आमची मुलगी सात वर्षांची आहे. तिला आम्ही वहीचे काम दिले: किती वाजता बाहेर आली, आधी कोणते पान खाल्ले. ती पेटीजवळ स्टुलावर अर्धा तास हात न लावता बसते. मुलांना हे जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी त्यांना कधी वही दिलेली नसते.

घरातली मोठी माणसे कवचाला खोबरेल तेल लावायला सांगतील. लावू नका. कवच म्हणजे निर्जीव टरफल नव्हे. त्याखाली जिवंत हाड आहे, नसा आहेत, स्पर्श कळतो. तेलाने धूळ चिकटते आणि बुरशी वाढते. रंग, हळदीकुंकू, नेलपेंटने नाव लिहिणे, यातले काहीही नको. उचलायचीच वेळ आली तर दोन्ही हातांनी, पोटाखाली आधार देऊन, जमिनीपासून कमीत कमी उंचीवर.

डॉक्टर, आणि दुसरे कासव

पहिल्या महिन्यात, कासव खायला लागले की, सरीसृपांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे एक फेरी करा. ताजी विष्ठा डबीत न्या. जंत तपासून मिळतात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आयव्हरमेक्टिन हे जंतांचे औषध गाई-कुत्र्यांना चालते, कासवाला ते मारक आहे. गुरांच्या डॉक्टरांनी चांगल्या मनाने लिहून दिले तरी देऊ नका.

“एकटे कंटाळेल” म्हणून दुसरे आणायची घाई करू नका. कासवाला सोबत लागत नाही. दोन कासवे एका पेटीत ठेवली की एक दुसऱ्याला दिव्याखालून हुसकावते, आणि हे इतके शांतपणे चालते की आपल्याला ती मैत्री वाटते. घरात आधीच कासव असेल तर नव्याला निदान सहा महिने वेगळ्या खोलीत ठेवा, टब आणि भांडी वेगळी. वरून ठणठणीत दिसणाऱ्या कासवात हर्पिस विषाणू असू शकतो आणि तो दुसऱ्याला मारू शकतो.

बाहेरचे ऊन

कोणताही दिवा उन्हाची बरोबरी करत नाही. महिना-दीड महिना झाला, वजन स्थिर झाले, बाहेर १८-२० अंश आणि स्वच्छ ऊन असेल तर बागेत सोडा, सुरुवातीला अर्धा तास. कुंपण अपारदर्शक हवे आणि जमिनीत २०-३० सेंटीमीटर पुरलेले, कारण कासव खणते. वर जाळी हवी. मॅगपाय आणि कावळे लहान कासवाचे डोळे फोडतात, कोल्हा आणि उंदीर पाय कुरतडतात. निम्म्या जागेत सावली असलीच पाहिजे. उलटे पडून उन्हात अडकलेले कासव तासाभरात मरू शकते, म्हणून उभे कठडे, निसरडे दगड काढून टाका. डॅफोडिल, फॉक्सग्लव्ह, लिली ऑफ द व्हॅली, यू, ऱ्होडोडेंड्रॉन या विषारी झाडांपासून दूर. आणि पाठ वळवू नका. गवतात कासव दोन मिनिटांत दिसेनासे होते.

पहिला हिवाळा

रानात हर्मन कासवे थंडीत झोपतात. पण नव्या कासवाला पहिल्या हिवाळ्यात झोपवू नका. त्याचे वजन, खाणे, जंत, काहीच आपल्याला पुरेसे माहीत नसते, आणि आजारी कासव झोपेतून उठत नाही. दिवे, ऊब, पाने चालू ठेवून त्याला जागे ठेवा. दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी हो म्हटले तरच.

तेव्हा आधी तीन-चार आठवडे खाणे बंद आणि रोज पाणी, म्हणजे आतडे रिकामे होते पण अंगात पाणी राहते. मग तापमान हळूहळू खाली. झोपेत ३ ते ७ अंश. शून्याखाली गेले तर डोळे जातात, १० च्या वर गेले तर ते अर्धवट जागे होऊन ताकद जाळते. हे इतके नेमके सांभाळायला वेगळा फ्रिज सोयीचा, दार दिवसातून एकदा हवेसाठी उघडायचे. आठवड्याला वजन. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्के घट झाली, किंवा कासवाने लघवी केली, तर लगेच उठवायचे.

सुपारी यंदा पहिल्यांदा झोपली, फक्त सहा आठवडे. २३१ ग्रॅमवर झोपली आणि २२६ वर उठली. कोमट पाण्यात ठेवले तेव्हा चार मिनिटे मान वर न काढता पाणी पीत होती. मुलीने वहीत वेळ लिहिली: सकाळी ९ वाजून १० मिनिटे. तिसऱ्या दिवशी डँडेलियनचे पहिले पान.